नगरपालिकेचे पाणी आणि त्याचे मोल

आपल्याकडील लहान शहरांच्या इतिहासात गढ्या, देवळे, पेठा आणि लढाया यांना जेवढी जागा मिळाली आहे, तिच्या शतांशानेही पाणीपट्टीला मिळालेली नाही. आणि तरीही दहा-वीस हजार माणसे एका ठिकाणी राहू लागली म्हणजे त्या वस्तीच्या समाजव्यवस्थेचा जो उलगडा, तेथे पाणी कोण वाहून आणीत असे, त्याचा खर्च कोण सोशीत असे आणि ते अखेर कोणाच्या घागरीत पडत असे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून होतो, तो सनदांच्या आणि शिलालेखांच्या अभ्यासातूनही सहसा होत नाही. वाहणारा, खर्च सोसणारा आणि पिणारा हे तिघे बहुधा निरनिराळे असत. आणि जो सर्वांत कमी पीत असे त्याच्याकडूनच पुष्कळदा सर्वांत जास्त घेतले जात असे, फक्त ते पट्टीच्या नावाने नोंदले जात नसे. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या पाण्याची हकीगत मला मुख्यतः या दृष्टीने सांगावयाची आहे.

नगरपालिका येण्यापूर्वी देशावरील गावात पाण्याला दर नव्हता, परंतु म्हणून ते विनामोल होते असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्कांची आणि कामांची जी चर्चा केली आहे, तीत कोळी या बलुतेदाराचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. गावात उतरलेल्या अंमलदाराच्या मुक्कामाला, लग्नकार्याला आणि देवळाला पाणी भरण्याचे काम त्याच्याकडे असे आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. म्हणजे मोबदला होता, पण तो घागरींच्या हिशेबाने नव्हता; तो वाहण्याच्या कष्टाचा आणि वंशपरंपरेने चालत आलेल्या बांधिलकीचा होता. कुणब्याच्या घरचे रोजचे पाणी घरातल्या बायकाच आडावरून किंवा नदीवरून आणीत, आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही कुलकर्ण्याने कधी आपल्या दफ्तरात केली नाही. ज्यांना आडाच्या काठाशी फिरकण्याचीही मुभा नव्हती, त्या महारा-मांगांच्या बायका आडापासून दूर रिकामी मडकी घेऊन बसत आणि कोणा सवर्णाच्या मनात दया उपजेपर्यंत वाट पाहत. घालवलेला वेळ आणि सोसलेला अपमान हीही किंमतच, आणि या इतिहासातील ती सर्वांत जुनी व सर्वांत जबर किंमत आहे.

राजधान्यांची गोष्ट वेगळी होती. अहमदनगरला निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी शहरात आणलेले होते. मलिक अंबराने खडकी वसविली, म्हणजे पुढच्या औरंगाबादेचा पाया घातला, तेव्हा सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणातच भूमिगत नहर खोदविला. आणि पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत चुनेगच्ची दगडी नळ बांधून वाटेवरच्या पेठांत हौद ठेवण्यात आले. या कामांची कारागिरी आजही पाहणाऱ्याला थक्क करते, आणि तिची करावी तितकी प्रशंसा थोडीच ठरेल. परंतु त्यांच्या खर्चाची वाट शोधली तर ती हौदावर पाणी भरणाऱ्या पुणेकरापर्यंत न जाता, मुलखातल्या रयतेच्या शेतसाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचते. शहराने पाणी प्यावे आणि परगण्याने त्याचे पैसे द्यावेत, ही रीत धर्मादायाच्या आणि राजवैभवाच्या नावाखाली चालली, आणि शहरातल्या सार्वजनिक पाण्याला दाम नसतो ही समजूत लोकांच्या मनात रुजविण्यास ती पुष्कळ अंशी कारणीभूत झाली असावी, असे मला वाटते. पुढे म्युनिसिपालिट्यांनी पट्टी बसविण्याचा विचार मांडला, तेव्हा त्या समजुतीशीच त्यांना पहिला झगडा करावा लागला.

दरम्यान ज्या मध्यम आकाराच्या गावांना ना खापरी नळ लाभला ना हौद, तेथे पाण्याचा रोकडीचा बाजार कधीच सुरू झालेला होता. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल घालून भिस्ती पेठेतून फिरे. चामड्याचे पाणी न चालणाऱ्या घरी कावडीने किंवा हंड्याने पाणी भरणारा पाणक्या असे आणि त्याला महिन्याकाठी बांधीव मुशाहिरा मिळे. विहीर किती लांब, खेपा किती आणि जिना किती उंच यांवरून ती रक्कम ठरे. पाण्याचे मोल वाहतुकीवरून ठरविण्याची ही पद्धत अर्थशास्त्राच्या दृष्टीने चोख होती. आणि ती ज्यांना परवडत होती त्या घरातल्या बायकांची पाठ तेवढी वाचत होती.

मुंबई इलाख्यात १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांच्या अर्जावरून म्युनिसिपालिटी स्थापण्याची वाट खुली झाली. १८७३ च्या कायद्याने तिला अधिक निश्चित रूप आले. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि त्यापाठोपाठ १८८४ च्या कायद्याने लोकनियुक्त सभासदांचा शिरकाव वाढला. कॉलऱ्याच्या साथी वरचेवर येत होत्या, जंतुशास्त्रज्ञ कोख याने १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात त्या रोगाचे जंतू दाखवून दिले होते, आणि उघड्या आडा-तळ्यांऐवजी बंद नळाने पाणी द्यावे हा आग्रह सॅनिटरी कमिशनरच्या अहवालांतून दरसाल प्रकट होऊ लागला होता. परंतु नळयोजनेला जो पैसा लागतो तो अशा लहान संस्थांनी आणावा कोठून? त्यांचे मुख्य उत्पन्न म्हणजे जकात. गावाच्या वेशीवरच्या नाक्यावर धान्य, गूळ, तूप, सरपण जे काही आत येईल त्यावर ती बसे, आणि म्हणून तिचा भार घर असलेल्यावर व नसलेल्यावर सारखाच, किंबहुना कमाईच्या मानाने पाहिल्यास गरिबावर अधिकच, पडे. याच जकातीच्या शिलकेतून आणि सरकारकडून काढलेल्या कर्जाच्या हप्त्यांतून बहुतेक गावांचे पहिले नळ घातले गेले.

या बाबतीत भूगोलाने ज्यांना साह्य केले ती गावे भाग्यवान. साताऱ्याच्या म्युनिसिपालिटीने सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कासच्या पठारावर तलाव बांधून उघड्या पाटाने पाणी शहराकडे आणले; उंचावरून आपल्या ओढीने येणाऱ्या त्या पाण्याला ना वाफेचे इंजिन लागले, ना पुढे विजेचा पंप. यवतेश्वराच्या अंगाने येणारे जुने पाणी आणि गावातले हौद आधीपासून होतेच. पंढरपुराची अडचण निराळी होती. तेथे कायम राहणाऱ्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे आषाढी-कार्तिकीला येत, चंद्रभागेचे पाणी त्या दिवसांत पिण्याच्या लायकीचे राहत नसे, आणि यात्रेतून फुटलेली साथ वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोहोचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे यमाई तलावाचे पाणी वापरात आले आणि यात्रेकरूंवरील कराचा आधार म्युनिसिपालिटीला आरोग्याच्या कामासाठी मिळत राहिला. शेताच्या बांधावरून निघून अनवाणी चालत आलेला वारकरी पंढरपूरकराच्या बारमाही व्यवस्थेचा वाटेकरी झाला, ही गोष्ट त्याच्या श्रद्धेइतकीच आदराने नोंदविली पाहिजे.

१९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्याने करांची जी यादी दिली तीत साधारण पाणीपट्टी व विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार होते, आणि त्यांची आकारणी इमारती-जमिनींवरील दराच्या रूपाने किंवा प्रत्यक्ष पुरवठ्याच्या आकाराच्या रूपाने, परिस्थितीला जुळेल तशी करण्याची मोकळीक नगरपालिकांना होती. या दोन नावांमागचा विचार प्रगल्भ होता. गावात नळयोजना झाली म्हणजे आग विझविण्यास, रस्त्यावर पाणी मारण्यास, गटारे धुण्यास आणि साथ रोखण्यास तिचा जो उपयोग होतो, तो घरी नळ नसलेल्यालाही होतो. म्हणून साधारण पट्टी सर्व घरमालकांनी द्यावी. ज्याने स्वतःच्या अंगणात नळ घेतला त्याने त्या सोयीबद्दल विशेष पट्टी वेगळी भरावी. कायद्याच्या कर्त्यांनी सार्वजनिक हित आणि खासगी सुख यांतील भेद इतक्या स्वच्छपणे मांडला होता की, तो शेवटपर्यंत पाळला गेला असता तर पुढचे पुष्कळ घोटाळे टळले असते. प्रत्यक्षात मात्र, नगरपालिकेत निवडून येण्यासाठी आणि मत देण्यासाठीही दीर्घकाळ मालमत्तेची किंवा कराची अट असल्यामुळे, दर ठरविणारे आणि नळ घेणारे बव्हंशी तेच होते. पट्टी वाढविण्याची दरखास्त सभेपुढे आली की ती पुढील सभेवर जाई; जकातीवर टक्का वाढविण्याची आली की ती त्या मानाने सहज मंजूर होई.

नळालाही जात चुकली नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकाला नळाचे पाणी न चालणारी घरे पुष्कळ होती, आणि ती अंगणात नळ असूनही आडाचेच पाणी भरीत. हा विधिनिषेध काळाच्या ओघात आपोआप मावळला. जो मावळला नाही, तो मोडण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला.

महाड हे कोकणातले लहानसे व्यापारी गाव. त्याची नगरपालिका जुनी आणि चवदार तळे तिच्या हद्दीतले. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, परंतु ते एका व्यक्तीचे धैर्य होते. सार्वजनिक पाण्याचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला तो सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केलेल्या त्या ठरावाचे मर्म असे की, सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्य वर्गांस वापरू द्यावीत. ‘सार्वजनिक पैशाने’ या अटीत या लेखाच्या विषयाचे सारे सार आलेले आहे. महाडच्या अस्पृश्याने बाजारातून मीठ-मिरची घेतली की तिच्यावरची जकात त्याने दिलीच होती. ज्या तिजोरीतून तळ्याची देखभाल होई तिच्यात त्याचाही पैसा होता. तो पैसा घेताना नगरपालिकेने कधी विटाळ मानला नव्हता. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो अमलात आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असता, नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मनाई करण्याची तेथे अनादी वहिवाट आहे, असा दावा सवर्णांतर्फे न्यायालयात लावण्यात आला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की तळे नगरपालिकेच्या मालकीचे असून तशी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

महाडची ही कथा समतेच्या लढ्यातील पर्व म्हणून सर्वांना ठाऊक आहे, आणि तशीच ती असावी. पण नगरपालिकांच्या जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्यालाही तीत एक सिद्धान्त सापडतो: सामायिक तिजोरीतून ज्या पाण्यावर खर्च होतो त्यावर, थेट पट्टी भरो वा न भरो, गावातल्या प्रत्येकाचा हक्क असतो. हा सिद्धान्त न्यायासनाकडून मान्य करवून घेण्यास दहा वर्षे लागली, याचा आपण सर्वांनी खेद मानला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर लहान शहरांत नळ पसरले, आणि त्यांच्याबरोबर दोन ठिकाणे प्रत्येक गावात दिसू लागली: चौकातले सार्वजनिक नळकोंडाळे आणि वाड्याच्या चौकातला एकुलता एक नळ. नळकोंडाळ्यावरचे पाणी फुकट होते; फक्त पहाटे चार वाजता हंडे-कळशांची रांग लावून बसावे लागे. वाड्यातल्या नळाची पट्टी मालक भरी व ती भाड्यात धरलेली असे. आठ-दहा बिऱ्हाडांनी त्या एका अर्ध्या इंची नळावर पाळ्या लावून पाणी भरावे, असा रिवाज होता. विशेष पट्टी ठरे ती घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर किंवा नळाच्या व्यासावर. आता १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, आणि भाडेमूल्यावर उभी असलेली सगळी आकारणी त्यांच्याबरोबर गोठली. भाडेकरूच्या रक्षणासाठी केलेला कायदा नगरपालिकेच्या पाण्याचे उत्पन्न बांधून टाकील, हे त्या वेळी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल. रफीक झकेरिया यांच्या अध्यक्षतेखालील मंत्र्यांच्या समितीने १९६३ साली नागरी संस्थांच्या उत्पन्नवाढीवर जो अहवाल दिला, त्यात लोकसंख्येच्या मानाने पाणीपुरवठ्यासारख्या सेवांवर किती खर्च व्हावा याची प्रमाणेही घालून दिली; परंतु प्रमाण सांगणे सोपे आणि पट्टीचा ठराव मंजूर करून घेणे कठीण.

ज्या गावांनी भाडेमूल्य सोडून नळाच्या व्यासावर वार्षिक ठोक रक्कम घेण्यास प्रारंभ केला, त्यांनी हिशेब सुटसुटीत केला, पण न्याय साधला असे म्हणता येत नाही. ठोक पट्टीत पाणी मोजलेच जात नाही. टाकीजवळच्या आळीत नळाला जोर असतो, शेवटच्या आळीत तो करंगळीएवढ्या धारेने येतो. ज्याच्या घरी जमिनीखाली टाकी आणि वर मोटर आहे तो तासाभरात हजार लिटर ओढून घेतो, ज्याच्याकडे दोन हंडे आणि एक पिंप आहे तो तेवढेच भरू शकतो. आणि वर्षअखेर दोघांच्या हातात सारख्याच रकमेचे देयक पडते. पाणी दिवसाआड, मग चार दिवसांआड, मग आठवड्याने येऊ लागले की हा फरक वाढतच जातो, कारण साठविण्याची ऐपत हीच पाण्याची ऐपत होऊन बसते. मनमाडसारख्या, रेल्वेचे मोठे जंक्शन असूनही वागदर्डीच्या धरणावर आशा ठेवून बसणाऱ्या गावात पंधरा-पंधरा दिवसांनी नळ आलेला लोकांनी पाहिला आहे. अशा ठिकाणी नगरपालिकेची पट्टी हा पाण्याच्या खर्चाचा लहानसा भाग असतो; खरा खर्च खासगी टँकरवाल्याकडे, जारवाल्याकडे आणि बुडालेल्या मजुरीत जातो, आणि तो ज्याच्याकडे साठवण नाही त्याला सर्वांत अधिक येतो.

१९७२ च्या दुष्काळाने आणखी एक वळण दिले. विंधनविहिरी खोदणारी यंत्रे गावोगाव फिरली, आणि जालना व सोलापूर येथील कार्यशाळांत ज्या मजबूत हातपंपांचे प्रयोग झाले त्यांतूनच पुढे देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क टू’ घडला. हातपंपाला पट्टी नव्हती, म्हणून गरीब वस्त्यांची नळजोडणी पुढे ढकलण्यास ती एक सोयीची सबब झाली. मोठ्या नळयोजनांसाठी १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ निघाले; त्याचेच १९९७ साली महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. मंडळाने योजना बांधून द्यावी, नगरपालिकेने ती चालवावी, अशी वाटणी होती. चालविण्याचा खर्च म्हणजे मुख्यतः विजेचे बिल, कारण देशावरील नद्या खोल आणि गावे उंच. साताऱ्याला कासच्या उताराने जे फुकट दिले, ते इतर गावांना दरमहा वीज मंडळाकडून विकत घ्यावे लागले; आणि बिल थकले की पंपाची जोडणी तुटण्याची नोटीस येऊन गावाच्या तोंडचे पाणी पळे. ही तूट जकातीतून भागविली जाई. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद होऊन तिच्या जागी सरकारी अनुदान आले, तेव्हा पाण्याची तूट झाकणारे ते जुने पांघरूण निघून गेले, आणि दीडशे वर्षांत प्रथमच पाणी किती, त्याला खर्च किती आणि तो देतो कोण, हे तिन्ही आकडे एका ताळेबंदात मांडणे भाग पडले.

हे आकडे मांडण्याचे धाडस ज्या लहान गावांनी केले, त्यांत कराडला लागून असलेल्या मलकापूरचे नाव आदराने घेतले पाहिजे. २००९ च्या सुमारास तेथील नगरपंचायतीने जीवन प्राधिकरणाच्या साह्याने चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू केली. प्रत्येक जोडणीला दुरून वाचता येणारे मीटर बसविले. आणि वापर वाढेल तसा दर चढेल अशी टप्प्यांची पट्टी लावली. पाणी कधीही येते याची खात्री पटली की लोक साठवीत नाहीत, शिळे म्हणून ओतून देत नाहीत, आणि मोटरीने ओढण्याचे कारणही उरत नाही. अनुभव असा आला की मोजलेल्या पाण्याला लोक विरोध करतातच असे नाही. न आलेल्या पाण्याच्या पट्टीला ते विरोध करतात, आणि तो विरोध रास्त आहे.

परंतु टप्प्यांच्या दरात एक दोष दडलेला आहे, आणि जी गावे या वाटेने जाऊ पाहतात त्यांनी तो आताच ध्यानात घ्यावा अशी माझी कळकळीची सूचना आहे. पहिला स्वस्त टप्पा एका जोडणीला मिळतो, एका कुटुंबाला नव्हे. बंगल्यात चार माणसे एका मीटरवर राहतात. जुन्या वाड्यात किंवा चाळीत सहा बिऱ्हाडांची तीस माणसे एकाच मीटरवर असतात. गटार नसलेल्या गावात माणशी दररोज ७० लिटर पाणी द्यावे, असे केंद्र सरकारचे १९९९ चे मान धरले तरी त्या चाळीचा रोजचा वापर २,१०० लिटर होतो, आणि ती काटकसरीने राहूनही सर्वांत महाग टप्प्यात जाऊन पडते. बंगलेवाला बागेला पाणी घालूनही मधल्या टप्प्यात राहतो. म्हणून दरपत्रकाच्या ठरावात, ‘सामायिक जोडणीवर जितकी बिऱ्हाडे राहत असतील तितक्या पटींनी प्रत्येक टप्प्याची मर्यादा वाढविली जाईल, आणि बिऱ्हाडांची संख्या घरमालकाच्या सांगण्यावरून न धरता शिधापत्रिकांवरून धरली जाईल’ असे एक कलम असावे. त्याला लागणारा खर्च नगण्य आहे, नोंदी तहसील कचेरीत तयार आहेत, आणि १९०१ च्या कायद्यापासून चालत आलेली, परिस्थितीला जुळेल तशी आकारणी करण्याची मोकळीक त्याला पुरेशी आहे.